मुंबईच्या पुळणीवर वाळू धरणारी झाडं: काय, कुठे आणि केव्हा लावायचं

पहिला पाऊस पडला की रोपं लावायची, हा नियम डोंगरउतारावर आणि सोसायटीच्या आवारात ठीक आहे. पुळणीवर तो निम्माच लागू पडतो. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि समुद्राकडच्या रांगेतली रोपं मूळ धरायच्या आधीच वाहून जातात. ५ जूनला पर्यावरण दिनाचा फलक लावून किनाऱ्यावर केलेली लागवड टिकत नाही, त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण वाऱ्याचं आहे. पावसाळ्यात वारा जोराचा असला तरी वाळू ओली असते, त्यामुळे ती फारशी उडत नाही. आपल्याकडची बारीक वाळू कोरडी असेल तर ताशी वीसेक किलोमीटरच्या वाऱ्यालाही सरकायला लागते. म्हणजे मुंबईत वाळूची टेकडी वाढते ती ऑक्टोबर ते मे, दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर. वाळू अडवायचे महिने वेगळे आणि झाडं लावायचे महिने वेगळे. हे दोन्ही एकाच आठवड्यात उरकायला गेलं की पैसे समुद्रात जातात.

म्हणून क्रम असा ठेवायचा. दिवाळीच्या आसपास झावळ्यांचं कुंपण घालून वाळू साठू द्यायची. जूनमध्ये फक्त मागच्या रांगेतली झुडपं आणि झाडं लावायची. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला की पुढच्या रांगेतल्या वेली आणि गवत लावायचं. सप्टेंबरचा पाऊस त्यांना फुकट पाणी देतो आणि कोरडे महिने सुरू होईपर्यंत मुळं खाली गेलेली असतात. मात्र जुहू, वर्सोवा, अक्सा अशा विसर्जनाच्या किनाऱ्यांवर नारळी पौर्णिमेचा मुहूर्त चालणार नाही. गणपतीत तिथे हजारो पावलं आणि ट्रकची चाकं त्याच पट्ट्यावरून जातात. तिथे अनंत चतुर्दशी उलटल्यावर दोन-तीन दिवसांत लागवड करायची आणि पाऊस लवकर आटोपला तर पाणी घालायची तयारी ठेवायची. छठपूजेची गर्दी जिथे होते तिथला पट्टा आधीच सोडून द्यावा.

आधी जागा तपासा

प्रत्येक किनाऱ्यावर हे काम होत नाही. भरतीचं पाणी थेट भिंतीला लागत असेल (दादर-माहीमच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी लागतं) तर टेकडीला उभं राहायला जागाच नाही. तिथे कितीही मर्यादवेल (पुळणीवर पसरून वाळू धरणारी वेल) लावली तरी ती टिकणार नाही. भरतीच्या खुणेच्या वर किमान दहा-पंधरा मीटर कोरडी वाळू हवी. ही खूण हिवाळ्यात बघून ठरवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतल्या मोठ्या भरतीला जा. कचऱ्याची सगळ्यात वरची रेघ कुठे पडते ते पाहा आणि तिथून जवळच्या झाडापर्यंत किंवा खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. पुढची सगळी मापं या रेघेपासून घ्यायची आहेत.

परवानगीचंही आधीच बघावं लागतं. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या '१ अ' या सर्वांत संवेदनशील गटात येतात, आणि सुशोभीकरणासाठी किंवा करमणुकीसाठी त्यांचा आकार बदलायला बंदी आहे. उंचवटा सपाट करून हिरवळ पसरणं, पेव्हर ब्लॉक बसवणं, 'लँडस्केपिंग'च्या नावाखाली वाळू इकडची तिकडे करणं, सगळं यात आलं. कुंपण आणि लागवड करायची तरी जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिकेचा वॉर्ड आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांच्याकडे आधी लेखी विचारा. कोळीवाड्याशी बोलणं कागदावर बंधनकारक नसलं तरी ते सगळ्यात आधी करा. होड्या कुठून ओढतात, बोंबील वाळवायच्या वलांडी कुठे उभ्या राहतात, वाळूवर मासळी कुठे पसरतात, हे त्यांनाच माहीत असतं. त्या वाटेवर घातलेलं कुंपण आठवड्याभरात निघतं आणि ते निघणं रास्तच आहे.

झावळ्यांचं कुंपण

वीस मीटरच्या एका तुकड्याला लागतात: १.८ मीटर लांबीचे १५ बांबू, नारळाच्या ५० ते ६० सुक्या झावळ्या आणि सुंभाची दोन-तीन मोठी बंडलं. नायलॉनची दोरी नको. ती तुटली की वाळूत राहते आणि पक्ष्यांच्या पायात अडकते.

बांबू दीड-दीड मीटरवर ६० सेंटिमीटर खोल गाडा. आडव्या दोन पट्ट्या बांधा, एक वाळूपासून वीतभर वर आणि दुसरी ९० सेंटिमीटरवर. झावळ्या उभ्या चिरून त्यात विणत जा. कुंपणाची उंची साधारण एक मीटर पुरे. खरी बाब दाटपणाची आहे. दहा पावलं मागे जाऊन कुंपणातून पाहा. पलीकडचं साधारण निम्मं दिसायला हवं. पूर्ण झाकलेलं कुंपण वारा अडवतं, पण अडलेला वारा बुडाशी खाली वळतो आणि वाळू साठण्याऐवजी तिथेच खड्डा पडतो. ताडपत्री, पत्रे आणि नर्सरीची हिरवी जाळी या कामाला नको त्या यामुळेच. हिरवी जाळी तर एका उन्हाळ्यात फाटून तिचे धागे पुळणभर होतात.

कुंपण भरतीच्या रेघेपासून तीन-चार मीटर तरी आत घाला. वीस मीटर झाले की दोन-अडीच मीटर मोकळी जागा सोडा, आणि दुसरी रांग घालायची असेल तर तिच्या मोकळ्या जागा पहिलीच्या समोर येऊ देऊ नका. मोकळ्या जागा सोडायच्या त्या कासवांसाठीही. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली होती. सलग कुंपण म्हणजे त्यांच्या वाटेत भिंत.

वारा चांगला असेल तर मेपर्यंत कुंपणाच्या मागे वाळूचा लांबट उंचवटा तयार होतो. बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करून ठेवली तर महिन्याला किती भर पडली ते कळतं. कुंपणाचा एक तृतीयांश भाग उरला की ते उपटू नका. ते तसंच गाडलेलं राहू द्या आणि त्याच उंचवट्याच्या माथ्यावर नवीन कुंपण उभं करा. काही महिने काहीच भर पडली नाही, तर बहुतेक वेळा पुढची वाळू कोरडी व्हायला पुरेशी रुंदी नसते किंवा सफाईचा ट्रॅक्टर रोज वरचा थर खरवडून नेत असतो.

हा ट्रॅक्टर टेकडीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, लाटांपेक्षाही. भरतीच्या रेघेजवळ वेलीचा एखादा कोंब किंवा नारळाची करवंटी पडली की तिच्या आड ओंजळभर वाळू साठते. टेकडीची सुरुवात तिथूनच होते, आणि दाते असलेलं यंत्र तीच आधी उचलतं. लागवडीच्या पट्ट्याभोवती लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवा. ठेकेदाराला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही पट्टा प्रत्यक्ष दाखवा. त्या पट्ट्यातला प्लास्टिकचा कचरा हातानेच काढायचा. लागवडीच्या आधी ३० सेंटिमीटर खोलपर्यंत वाळू चाळून पिशव्या, दोऱ्या, कपडे काढा. गाडलेल्या पिशवीवर पडलेलं मूळ खाली जात नाही, आडवं पसरतं आणि मार्चमध्ये वेल वाळते. समुद्री शेवाळ, पालापाचोळा, काटक्या असू द्या. वाळूला मिळणारं खत तेवढंच.

पुढची रांग: मर्यादवेल

पानं आपट्यासारखी दुभंगलेली, जांभळट-गुलाबी कर्ण्यासारखी फुलं सकाळी उमललेली, देठ मोडला की पांढरा चीक. एवढ्यावर मर्यादवेल ओळखता येते. तिचं काम कसं चालतं ते बघायला एखाद्या जुन्या वेलीजवळची वाळू हाताने बाजूला करा. वर दिसणारं खोड पुढे सरकत असतं आणि प्रत्येक पेराखाली पांढऱ्या मुळांचा झुपका उतरलेला असतो. त्याच वेलीचं मागचं खोड दोन-तीन थर खाली गाडलेलं सापडतं, तरी जिवंत. वाळू अंगावर पडली की ही वेल मरत नाही, नव्या पेरांतून मुळं सोडून वर येते. बागेतल्या बहुतेक वेलींना हे जमत नाही. लॉनचं गवत चार बोटं वाळूखाली गेलं की संपलं.

मर्यादवेल नर्सरीत सहसा मिळत नाही. शक्य तर त्याच किनाऱ्यावरच्या जुन्या वेलींची छाटं घ्या. एका वेलीचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग कापू नका आणि समुद्राकडच्या टोकाला हात लावू नका, कारण तिथेच वाळू अडत असते. सकाळी लवकर कापा. छाट ३० ते ४५ सेंटिमीटरचं, चार-पाच पेरांचं, फार कोवळंही नाही आणि लाकडासारखं झालेलंही नाही. पन्नास-पन्नासच्या मोळ्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवसावर गेलं तर सावलीत ठेवा, पण पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नका, छाटं कुजतात.

लावताना वरची कोरडी वाळू बाजूला करून ओल लागेपर्यंत खणा. पाऊस पडत असेल तर १५ सेंटिमीटरवर ओल मिळते. छाट तिरपं ठेवा, तीन पेरं वाळूखाली, टोक समुद्राच्या उलट बाजूला. टोक समुद्राकडे ठेवलं तर वारा ते हलवून हलवून उपटतो. वेल एकदा रुजली की समुद्राकडे आपणहून वळते. वाळू लोटून पायाने घट्ट दाबा. हलक्या हाताने लावलेलं छाट हमखास सुकतं, कारण मुळाभोवती पोकळी राहते. दोन छाटांत आणि दोन रांगांत एकेक मीटर अंतर ठेवा, आणि रांगा एकमेकींच्या समोर न आणता आड लावा.

बियांपासूनही रोपं होतात. सुकलेल्या बोंडात चार केसाळ काळसर बिया असतात. कवच इतकं टणक असतं की नुसती पेरली तर महिनोन्‌महिने पडून राहते. एका बाजूने पॉलिश पेपरवर आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. पिशवीत दोन भाग वाळू आणि एक भाग कुजलेलं खत. लाल माती घालू नका. लावायच्या तीन आठवडे आधी रोपं उघड्या उन्हात काढा, नाहीतर पुळणीवर पहिल्याच दुपारी पानं करपतात.

पुढची रांग: गवत आणि सोबती

मर्यादवेल वाळूला झाकते. उंची देतं ते स्पिनिफेक्स गवत. त्याची पानं ताठ, टोकदार आणि बोटात घुसणारी असतात. मादी झाडाचे काटेरी गोळे सुकले की वाऱ्यावर पुळणभर घरंगळत जातात. बियांचा भरवसा नाही, म्हणून धुमाऱ्यांचे दोन-तीन पेरांचे, थोडी मुळं असलेले तुकडे घ्या. हातमोजे आणि बूट घाला. उंचवट्याच्या माथ्यावर ५० सेंटिमीटर अंतराने तीन रांगा लावा, २० सेंटिमीटर खोल. पायवाटेपासून दोन मीटर तरी दूर, नाहीतर पहिल्याच रविवारी कोणाच्या तरी पोराच्या पायात काटा जाईल आणि सोमवारी कोणीतरी गवत उपटेल.

वीस मीटरच्या पट्ट्याला हिशेब असा. मर्यादवेलीच्या तीन रांगांना ६० छाटं, गवताच्या तीन रांगांना १२० तुकडे. दोन्हींत तिसरा हिस्सा जास्तीचा धरा, म्हणजे अनुक्रमे ८० आणि १६०. जास्तीचे सगळे एकदम लावू नका. बाजूला वाळूच्या वाफ्यात रुजवून ठेवा आणि महिन्याने पडलेल्या खिंडारांत लावा.

एकच जात लावलेला पट्टा किडीला किंवा एका वाईट उन्हाळ्याला बळी पडतो, म्हणून मधे मधे किनाऱ्यावरची अबई, म्हणजे कॅनाव्हेलिया रोझिया, लावा. ती शेंगवर्गातली असल्याने हवेतलं नत्र मुळांत साठवते आणि कोऱ्या वाळूत ते मोलाचं आहे. बियांचं कवच तिचंही घासावं लागतं. या बिया कच्च्या खाल्ल्या तर विषबाधा होऊ शकते. मुलं येतात तिथे तसा फलक असू द्या. पिवळ्या फुलांची, धावत्या खोडाची किनाऱ्यावरची पाथरी आपणहून आलेली दिसली तर तण समजून काढू नका. जिथे भरतीचं पाणी झिरपतं आणि वाळूत चिखल मिसळलेला असतो तिथे सेसुव्हियम ही जाड पानांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती चालते, कोरड्या माथ्यावर नाही.

मागची रांग

टेकडीच्या जमिनीकडच्या उतारावर आणि पलीकडे झुडपं. वनजाई, जिला कुंपणाच्या कामात कोयनेलही म्हणतात, ही इथली सगळ्यात भरवशाची. खारा वारा तिला बाधत नाही. पेन्सिलएवढ्या जाडीची २० ते २५ सेंटिमीटरची छाटं जूनमध्ये ४५ सेंटिमीटरवर दोन आड रांगांत लावली की दोन वर्षांत कमरेएवढं दाट कुंपण होतं. स्केव्होला हे किनाऱ्यावरचं झुडूप आणि निर्गुडीही छाटांवर येतात. केवड्याच्या आधारमुळं फुटलेल्या फांद्या घ्या, ६० ते ९० सेंटिमीटरच्या, आणि वाटेपासून लांब लावा, कारण त्याच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात.

मोठी झाडं अगदी मागे: उंडी, परसभेंडी, करंज. परसभेंडीचे मनगटाएवढे जाड, मीटर-दीड मीटरचे खुंटे पावसाळ्यात थेट रुजतात. उंडीचं बी ताजंच पेरावं लागतं. कवच हलक्या हाताने फोडून आतला गर शाबूत ठेवला तर ते लवकर उगवतं. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल. त्यात तीच वाळू, एक घमेलं कुजलेलं खत आणि तळाला नारळाची सोडणं, ओल धरायला. दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर. पहिली दोन वर्षं पश्चिमेकडून एक झावळी आडवी बांधा. न बांधल्यास शेंडा दरवर्षी खाऱ्या वाऱ्याने जळतो आणि झाड झुडूपच राहतं.

सुरूबद्दल विचारणा हमखास होते. कोकणपट्टीत तो सगळीकडे आहे, भरभर वाढतो, सावली देतो. पण तो मूळचा आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा आहे. त्याच्या सुयांचा जाड थर पडतो आणि त्याखाली वेली, गवत काही येत नाही. लाटेने वाळू खालून कापली की मोठं झाड मुळासकट आडवं होतं आणि जाताना टेकडीचा तुकडाही घेऊन जातं. असलेले सुरू तोडायला जाऊ नका, पण पुढच्या रांगेत नवीन लावू नका. पिवळ्या फुलांचं वेडेलिया, घाणेरी आणि वेडी बाभूळ तर नकोतच. वेडेलिया बांधकामांच्या लँडस्केपिंगमध्ये सर्रास वापरतात, आणि ते कुंडीतून पुळणीवर उतरायला एक पावसाळा पुरतो.

लाल माती, पाणी, पायवाट

लाल मातीचा डंपर हा मुंबईतला ठरलेला घोटाळा आहे. 'वाळूत काय उगवणार' म्हणून वीतभर माती पसरली की पहिल्या पावसात तिचा लगदा होतो आणि उन्हात पापुद्रा. पाणी आत मुरत नाही, वारा वाळू हलवू शकत नाही, आणि मातीबरोबर आलेलं तण वेलीच्या आधी वाढतं. पुढच्या रांगेत खत द्यायचंच असेल तर छाटामागे एक मूठ कुजलेलं शेणखत, तेही लावताना एकदाच.

पाणी पावसाने ओढ दिली तरच. पहिले सहा आठवडे, दर चार-पाच दिवसांनी छाटामागे एक-दीड लिटर, बुडाशी आणि संथ. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पाणी बंद झाल्यावर वेल बसते. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचं पाणी आधी चाखून पाहा. खारट लागलं तर नकोच.

माणसं जिथून चालतात तिथे झाडं लावून ती थांबत नाहीत. असलेली वाट तशीच ठेवा, सव्वा ते दीड मीटर रुंद, पण सरळ समुद्राकडे न काढता तिला वाऱ्याच्या दिशेशी तिरकं वळण द्या. सरळ वाटेतून वारा बोगद्यासारखा आत घुसतो आणि दोन्ही बाजूंची टेकडी पोखरतो. सुंभाने जोडलेल्या फळ्या वाळूवर अंथरल्या की पुरे. वाळू चढली की त्या उचलून वर घेता येतात. सिमेंटच्या वाटेचं तसं होत नाही.

गोराई, मनोरी, मढकडे ज्यांची घरं किंवा रिसॉर्ट पुळणीला लागून आहेत त्यांनी आवाराची भिंत वाढवण्याऐवजी वनजाईची दुहेरी रांग लावावी आणि समुद्राकडचा प्रखर दिवा खाली वळवून झाकावा. कासवाची पिल्लं उजेडाकडे जातात, मग तो समुद्राचा असो की बगीच्यातला.

पुढच्या पावसाळ्यात लाटा टेकडीचा पुढचा भाग कापतील. कधी मीटरभर, कधी त्याहून जास्त. कड उभी दिसते, मर्यादवेलीची खोडं हवेत लोंबकळतात, आणि लगेच दगड टाकायची घाई होते. टाकू नका. दगडांवर आपटलेली लाट समोरचीच वाळू ओरबाडून नेते. टेकडीतून गेलेली वाळू उथळ पाण्यात साठते आणि ऑक्टोबरनंतर बरीचशी परत किनाऱ्यावर येते. लोंबणारी खोडं कापू नका, कडेला टेकली की ती पुन्हा रुजतात. जुलैत दुरुस्तीला हात घालू नका. सप्टेंबरमध्ये कडेच्या पायथ्याशी वाफ्यातली छाटं लावा, ऑक्टोबरमध्ये नव्या भरतीच्या रेघेपासून तीन-चार मीटर मागे पुन्हा कुंपण घाला आणि बांबूवरच्या रंगाच्या खुणा नव्याने करा.